कापसाच्या गाठीपासून ड्रोनपर्यंत: परभणीच्या कृषिशिक्षणाला पैसा कोठून आला?

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर शिंगणापूर मागे पडले की पोखर्णी नृसिंह हे लहानसे स्थानक लागते. बाहेरच्यांना हे गाव ठाऊक आहे ते नृसिंहाच्या प्राचीन मंदिरामुळे. जवळपासच्या लोकांना ते काळ्या जमिनीमुळे, कापूस, ज्वारी, तूर आणि गेल्या काही दशकांत सोयाबीन पिकवणाऱ्या शिवारामुळे. दर खरिपात या पट्ट्यातील गावांमध्ये कृषी पदवीचे विद्यार्थी मुक्कामाला येतात. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर त्यांना ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणतात. ते मंदिराच्या किंवा शाळेच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बियाण्याला रायझोबियम चोळून दाखवतात, मातीचे नमुने घेतात. त्या मुक्कामाचा खर्च कोणी, कधीपासून आणि कशासाठी देऊ लागले, हा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे. #थ्रेड

‘अनुदान’ हा शब्द महाराष्ट्रात इतका रुळलेला आहे की त्याला इतिहास आहे हेच आपण विसरतो. भारतात शिक्षणासाठी अनुदानाची रीतसर पद्धत आली ती १८५४ च्या वूडच्या खलित्याने. सरकारने सगळ्या शाळा स्वतः चालवू नयेत, खाजगी संस्थांना पैसे द्यावेत आणि तपासणी करावी, असे ते धोरण. तपासणी म्हटली की मोजमाप आले. विद्यार्थी परीक्षेत किती पास झाले त्यावर शाळेचे पैसे ठरवायचे, ही ‘निकालानुसार अनुदान’ पद्धत त्यातूनच रुजली.

या पद्धतीवर नेमके बोट ठेवणारा मराठी माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले की, ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तेथे निकाल पाहून पैसे देण्याची पद्धत उपयोगी नाही. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही असावे अशी मागणी केली. शिक्षण आणि पोट यांचा संबंध आणि अनुदान व मोजमाप यांचा संबंध, हे दोन्ही प्रश्न एकाच कागदावर १४० वर्षांपूर्वी मांडले गेले होते. पुढे जे जे घडले ते याच दोन प्रश्नांभोवती फिरते.

फुले ब्रिटिश मुंबई इलाख्यात होते. परभणी मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि तिथली गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९१८ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणारे. आणि त्याच वर्षी परभणीत ‘मुख्य प्रायोगिक क्षेत्र’ सुरू झाले. एकाच सत्तेने एकाच वर्षी राजधानीला विद्यापीठ दिले आणि मराठवाड्याला शेत दिले. शेतीचे शिक्षण हवे असेल तर मराठवाड्यातील मुलाला हैदराबादेलाच जावे लागे. मराठवाड्यात ज्वारी, कापूस आणि फळे यांवरची संशोधन केंद्रे होती. शेतीची पदवी देणारे महाविद्यालय नव्हते. म्हणजे मराठवाड्याच्या मातीवर प्रयोग होत, पण त्या प्रयोगांवर शिकणारा वर्ग त्या मातीत बसत नव्हता.

या काळात शेतीच्या संशोधनाला पैसा कोठून येई? बराचसा शेतमालावरच्या करातून. १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि १९२३ च्या कापूस उपकर कायद्याने तिला स्वतःचे उत्पन्न मिळाले. गिरण्यांत जाणाऱ्या आणि परदेशी निघणाऱ्या कापसावर बसवलेल्या उपकरातून कापूस संशोधनाच्या योजना चालत. पुढे लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतीविषयक शाही आयोगाच्या (१९२६–२८) शिफारशीवरून १९२९ मध्ये आजच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची पूर्वज संस्था उभी राहिली आणि १९४० मध्ये शेतमालाच्या निर्यातीवरील उपकराचा कायदा करून तिलाही कायमचे उत्पन्न जोडून देण्यात आले. करभार शेवटी कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर येई, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. अनुदान म्हणजे सरकारने दिलेली खिरापत, अशी समजूत आज सर्रास दिसते. तिच्यासमोर ही कापसाची गाठ ठेवून पाहावी.

आता थोडे अमेरिकेत जावे लागेल, कारण परभणीच्या विद्यापीठाचा आराखडा तिथून आला.

२ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. या कायद्याने प्रत्येक राज्याला त्याच्या संसद सदस्यांच्या संख्येनुसार, दर सदस्यामागे ३०,००० एकर, अशी सार्वजनिक जमीन दिली. ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची. यांनाच ‘लँड ग्रँट’ महाविद्यालये म्हणतात. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगक्षेत्रे जोडली, १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने गावोगावच्या विस्तारकार्याला पैसा दिला. शिक्षण, संशोधन, विस्तार ही तीन कामे एकाच छपराखाली, ही कल्पना अशी तयार झाली. (ती जमीन मुळात कोणाची होती, हा प्रश्न अमेरिकेत अलीकडेच मोठ्याने विचारला जाऊ लागला. त्यातील फार मोठा हिस्सा मूळ अमेरिकी जमातींकडून तहांनी, दडपणाने किंवा सरळ बळाने घेतलेला होता. शेतकऱ्यांच्या मुलांसाठीचे ते अनुदान दुसऱ्या कोणाच्या जमिनीतून निघाले होते.)

भारतात राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. १९५५ च्या आणि त्यानंतरच्या भारत-अमेरिका संयुक्त पथकांनी तिला लँड ग्रँटचा साचा दिला. १७ नोव्हेंबर १९६० रोजी पंतनगर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते पहिल्या कृषी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. तराईतील सुमारे १६,००० एकर जमीन त्याला मिळाली. अमेरिकी मदत संस्थेने एकेका भारतीय राज्याशी एकेक अमेरिकी विद्यापीठ जोडून दिले. उत्तर प्रदेशला इलिनॉय, पंजाबला ओहायो, आंध्रला कॅन्सस, म्हैसूरला टेनेसी आणि महाराष्ट्राला पेन्सिल्व्हेनिया. कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रत्येक राज्यात किमान एक कृषी विद्यापीठ असावे असे सांगितले.

महाराष्ट्राने १९६८ मध्ये राहुरीला विद्यापीठ काढले. पण महाराष्ट्र हे तीन-चार वेगवेगळ्या इतिहासांचे राज्य आहे. एका विद्यापीठावर कोणाचे समाधान होणार? १९६९ मध्ये विदर्भासाठी अकोल्याला दुसरे आले. आणि १८ मे १९७२ रोजी कोकणासाठी दापोलीला व मराठवाड्यासाठी परभणीला, अशी दोन विद्यापीठे एकाच दिवशी अस्तित्वात आली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. २०१३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, परभणीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

परभणीची घडी दोन बाजूंनी चुकली. पहिली बाजू आंतरराष्ट्रीय. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात अमेरिकेने भारताची मदत रोखली. पंतनगर, लुधियाना यांना ज्या ओघाने प्राध्यापक, ग्रंथ, उपकरणे आणि परदेशी प्रशिक्षणाच्या जागा मिळाल्या, तो ओघ आटत असताना परभणीचा जन्म झाला. दुसरी बाजू आकाशाची. १९७२ चा दुष्काळ. ज्या वर्षी मराठवाड्याला शेतीचे विद्यापीठ मिळाले त्याच वर्षी मराठवाड्यातील शेतकरी खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेला. रोजगार हमीची योजना त्याच काळात आकाराला आली. विद्यापीठाच्या पहिल्या तुकड्या शिकत होत्या ती पार्श्वभूमी ही होती.

शून्यातून सुरुवात झाली असे मात्र नाही. १९५६ मध्ये, राज्य पुनर्रचनेच्या अगदी तोंडावर, हैदराबाद सरकारने परभणीत मराठवाड्यातील पहिले कृषी महाविद्यालय काढले होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हे महाविद्यालयही सोबत आले. जाता जाता एका सरकारने ठेवलेली ही पुंजी. १९१८ चे शेत आणि १९५६ चे महाविद्यालय या दोन पायांवर १९७२ चे विद्यापीठ उभे राहिले.

आता ‘रोजगारक्षमता’ या शब्दाकडे. तो अलीकडचा आहे, धोरणाच्या कागदांतून आलेला. त्यामागची चिंता मात्र जुनी आहे. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले, त्यात रोजगाराची मागणी ठळक होती. शिकलेल्या पहिल्या पिढीला गावाकडे शेतात जाववत नव्हते आणि शहरात नोकरी नव्हती. पुढे १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने हा प्रादेशिक असमतोल आकड्यांत मांडला आणि ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्याच्या घराघरांत पोहोचला. अनुशेष मोजला गेला तो रस्ते, सिंचन, वीज, शाळा, महाविद्यालये यांचा. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाच्या हाताला काय येते याचा अनुशेष मोजण्याची रीत तेव्हा नव्हती. ती आजही नीट बसलेली नाही.

कृषी पदवीधराची वाट त्या काळात ठरलेली होती. कृषी खात्यात नोकरी, बँकेत कृषी अधिकारी, बियाणे महामंडळ, खत कंपनीचा प्रतिनिधी, नाहीतर स्पर्धा परीक्षा. हरितक्रांतीच्या काळात सरकारी विस्तार यंत्रणा वाढत होती, तोवर ही वाट पुरली. विद्यापीठाचे नाव बाहेर गाजत होते ते वाणांमुळे. केवडा रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी १९८० च्या दशकात देशभर लावली गेली. जांभळे आणि नेरकर या येथील शास्त्रज्ञांनी लागवडीतील भेंडीचा रानजातीशी संकर करून ती काढली होती. ‘नांदेड ४४’ या संकरित कपाशीने मराठवाड्याचे शिवार व्यापले. संशोधनाला मिळालेला पैसा असा डोळ्यांना दिसे. शिकवण्याला मिळालेला पैसा दिसत नसे, कारण तो बहुतांशी पगार आणि इमारतींत जाई.

याच १९८३ मध्ये महाराष्ट्रात आणखी एक घटना घडली. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तेव्हापासून मराठी समाजात महाविद्यालयांच्या दोन जाती झाल्या, अनुदानित आणि विनाअनुदानित. कृषिशिक्षणात ही लाट उशिरा पोहोचली, पण पोहोचली. २००० नंतरच्या दशकात विद्यापीठांशी संलग्न खाजगी कृषी महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. हा तपशील येथे मुद्दाम नोंदवला, कारण पुढे ज्या योजनांचे वर्णन येणार आहे त्यांचा भर विद्यापीठावर आणि त्याच्या स्वतःच्या घटक महाविद्यालयांवर राहिला. पदवी एकाच विद्यापीठाची, परीक्षा एकच, पण शिकण्यावर खर्च होणारा सार्वजनिक पैसा मात्र मुलगा कोणत्या फाटकातून आत जातो यावर ठरतो.

विद्यार्थ्याच्या शिकण्यासाठीच म्हणून वेगळा पैसा द्यावा, ही कल्पना कृषिशिक्षणात ठळकपणे आली ती १९९० च्या दशकात. १९९२ मध्ये रंधवा समितीने शिफारस केली की वैद्यकीय विद्यार्थी जसा रुग्णालयात उमेदवारी करतो, तसा कृषी विद्यार्थ्याने पदवीच्या शेवटच्या टप्प्यात गावात राहून काम करावे. कृषी अनुसंधान परिषदेने त्यासाठी विद्यापीठांना खास निधी देण्यास सुरुवात केली. त्यात विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवण्यासाठी विद्यावेतन होते आणि देखरेख करणाऱ्या शिक्षकाच्या प्रवासखर्चाची तरतूद होती. हाच तो ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम. कृषिदूत आणि कृषिकन्या यांचा जन्म येथे झाला.

या कार्यक्रमाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे. विद्यार्थ्यांचा गट एका गावाला जोडला जातो आणि प्रत्येकाला एक यजमान शेतकरी दिला जातो. पेरणीपासून पुढे तो त्या शेतकऱ्याबरोबर असतो. निंबोळी अर्क कसा करायचा, कपाशीत कामगंध सापळा कोठे व किती उंचीवर लावायचा, हे विद्यार्थी दाखवतो. आणि शेतकरी त्याला दाखवतो की सापळा दुकानात मिळत नाही, मिळाला तर त्यातली ल्युअर जुनी असते, आणि फवारणीच्या दिवशी मजूर मिळाला नाही तर वेळापत्रकाचा काही उपयोग नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भातील कपाशी पोखरली, तेव्हा बोंड फोडून अळी पाहणे आणि पुस्तकात तिचे चित्र पाहणे यांतला फरक त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगावा लागला नसेल. वर्गात उत्तर एकच असते. शेतात उत्तराला उधारी, पाऊस आणि भाऊबंदकी चिकटलेली असते.

२००७ च्या चौथ्या अधिष्ठाता समितीने याला ‘अनुभवातून शिक्षण’ हा दुसरा भाग जोडला. महाविद्यालयात बेकरी, अळिंबी, रोपवाटिका, बीजोत्पादन, जैविक खते, दुग्धप्रक्रिया अशी छोटी उत्पादन केंद्रे उभारायला परिषदेने निधी दिला. विद्यार्थ्यांनी माल तयार करायचा, विकायचा, हिशेब ठेवायचा आणि नफ्यात वाटा घ्यायचा. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ कितीतरी आधी रुजवले होते. फरक इतकाच की कर्मवीरांच्या योजनेत श्रम शिक्षणाचा खर्च भागवत असत. येथे श्रम हाच अभ्यासक्रम होता आणि खर्च दिल्लीहून येत होता.

२५ जुलै २०१५ रोजी पाटण्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘स्टुडंट रेडी’ हा कार्यक्रम जाहीर झाला. नवे नाव, पण बरेचसे जुने घटक एकत्र बांधलेले: गावातील कार्यानुभव, अनुभवातून शिक्षण, उद्योगातील प्रशिक्षण, प्रत्यक्ष कौशल्य आणि विद्यार्थी प्रकल्प. पाचव्या अधिष्ठाता समितीने पदवीचे शेवटचे वर्ष त्याला दिले आणि विद्यावेतन दरमहा ३,००० रुपये, सहा महिन्यांसाठी, असे ठरले. पुण्या-मुंबईच्या खोलीभाड्यासमोर ही रक्कम हास्यास्पद वाटेल. पोखर्णीसारख्या गावात दोघांनी मिळून घेतलेली खोली आणि डब्याचा खर्च त्यात ओढूनताणून बसतो. ज्या मुलाच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे, त्याच्या दृष्टीने सहा महिने घरून पैसे न मागवणे ही लहान गोष्ट नाही.

मोठा पैसा मात्र नंतर आला. राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प: २०१७ मध्ये जाहीर झालेला, १६.५ कोटी डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे १,१०० कोटी रुपयांचा. निम्मा वाटा जागतिक बँकेच्या कर्जाचा, निम्मा भारत सरकारचा. उद्दिष्ट स्पष्ट लिहिलेले: कृषी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना अधिक दर्जेदार आणि काळाशी सुसंगत शिक्षण. कर्ज घेऊन केवळ कृषी उच्च शिक्षण सुधारण्याचा याआधीचा मोठा प्रयत्न १९९५ मध्ये झाला होता. त्यात आंध्र प्रदेश, हरियाणा आणि तमिळनाडू ही तीन राज्ये होती, महाराष्ट्र नव्हता. परभणीला याही बाबतीत दोन दशके थांबावे लागले.

या वेळी पैसा वाटून दिला गेला नाही, स्पर्धेने दिला गेला. विद्यापीठांनी प्रस्ताव लिहायचे, निवड व्हायची, ठरलेली फलिते दाखवायची. महाराष्ट्रातून राहुरीला हवामान-अनुकूल शेती व जलव्यवस्थापनाचे प्रगत केंद्र मिळाले. परभणीला मिळाले ते डिजिटल शेतीचे: यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने वापरून शेतीची उत्पादकता वाढवण्याचे. जेथे बैलजोडीचे भाडे हा अजून घरखर्चातला वाद असतो, त्या जिल्ह्यात यंत्रमानव! टीका होणे स्वाभाविक होते आणि ती सगळीच चुकीची नव्हती.

पण एक गोष्ट टीकाकारांना तेव्हा दिसणे कठीण होते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ड्रोन नियम सोपे केले आणि व्यावसायिक वापरासाठी दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना आली. फवारणीच्या ड्रोनला चालवणारा हवा, दुरुस्त करणारा हवा, कोणत्या पिकावर किती उंचीवरून किती पाणी याचे गणित जाणणारा हवा. हे तिसरे काम कृषी पदवीधराचे. परभणीचा प्रस्ताव लिहिला गेला तेव्हा ही बाजारपेठ जवळपास नव्हती. तो पूर्ण होत आला तेव्हा ती उघडली. याला दूरदृष्टी म्हणावे की योगायोग? इतिहासात या दोहोंची सरमिसळ नेहमीच असते, आणि यश मिळाले की अहवाल लिहिणारा पहिला शब्द निवडतो.

तरीही या दोन प्रकारच्या अनुदानांची तुलना टाळता येत नाही. एकीकडे दरमहा तीन हजार, जे पदवीच्या शेवटच्या वर्षातील सामान्य विद्यार्थ्याच्या हाती पडतात. दुसरीकडे कोट्यवधींचे केंद्र, जेथे निवडक विद्यार्थी आणि संशोधक प्रशिक्षण घेतात, परदेशी जातात, उत्तम यंत्रांवर हात बसवतात. पहिल्याचे फलित मोजायला अवघड, म्हणून अहवालात ते एका ओळीत संपते. दुसऱ्याचे फलित आकड्यांत येते: किती प्रशिक्षणे, किती करार, किती शोधनिबंध. मोजता येते त्याला पैसा मिळतो आणि ज्याला पैसा मिळतो तेच मोजले जाते. फुल्यांची हरकत नेमकी इथे पुन्हा उभी राहते. निकालावर पैसे दिले की निकाल ज्यांचे आधीच चांगले आहेत त्यांच्याकडे पैसा वाहतो, ही अडचण १८८२ च्या प्राथमिक शाळेत होती आणि ती स्पर्धात्मक निधीच्या प्रस्तावातही आहे. प्रस्ताव चांगला लिहिता येणे हेच मुळात एक भांडवल आहे.

प्रकल्पांना मुदत असते, हीसुद्धा जुनी गोष्ट. मुदत संपली की कंत्राटी संशोधक सहायक जातात, यंत्रांच्या देखभालीचा खर्च विद्यापीठाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकावर येतो आणि ते अंदाजपत्रक वेतन-निवृत्तिवेतनात आधीच बांधलेले असते. कापसाचा उपकर निदान कायद्याने बांधलेला आणि दरवर्षी येणारा होता. कर्जाच्या प्रकल्पाला शेवटची तारीख छापलेली असते. १९१८ चे प्रायोगिक क्षेत्र आजही विद्यापीठाच्या वारशात मोजले जाते, कारण त्यामागे जमीन होती.

सध्याचा टप्पा सहाव्या अधिष्ठाता समितीचा आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून २०२४-२५ पासून कृषी पदवीचा नवा अभ्यासक्रम लागू होऊ लागला. पहिल्या वर्षापासून कौशल्याचे विषय आले. एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आली, मात्र त्यासाठी दहा आठवड्यांची कार्यानुभवाची अट आहे. कागदावर ही लवचीकता आहे. मराठवाड्यात तिचा अर्थ पावसावर ठरेल. ज्या वर्षी सोयाबीन हातचे जाईल, त्या वर्षी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘बाहेर पडण्याचा पर्याय’ निवडेल, आणि नोंदीत तो गळती म्हणून दिसणार नाही, प्रमाणपत्रधारक म्हणून दिसेल.

पदवीचे विद्यावेतन शेवटच्या वर्षासाठी आखलेले आहे. एका वर्षात बाहेर पडणाऱ्याच्या त्या दहा आठवड्यांचा, खोलीचा आणि डब्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या लेखा शाखेला ठरवावे लागेल. आणि विनाअनुदानित महाविद्यालयात तो बहुधा विद्यार्थ्याच्या घरूनच येईल.